मावळ सरतो, देश लागतो

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला सह्याद्रीची धार आहे, पूर्व कडेला भीमेचे उघडे, सपाट खोरे. ताम्हिणी-लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. तिथून ५०-६० किलोमीटरवर, पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेत तो ७००च्या आसपास भरतो. पुढे दौंड, बारामती, इंदापूरकडे आणखी ऐंशी-शंभर किलोमीटर गेले तरी तो ५००च्या घरात राहतो. पावसाची जवळजवळ सगळी घसरण पुण्याच्या पश्चिमेलाच होऊन जाते. शहर उभे आहे ते ही घसरण जिथे थांबते त्या जागी.

डोंगराकडचा मुलूख मावळ, सपाटीचा मुलूख देश. दोन्हीकडची माणसे मराठीच बोलतात, दोन्हीकडे मराठा-कुणबी समाज मोठा आहे, विठोबा दोन्हीकडचा आणि शिवाजी महाराजही दोन्हीकडचे. तरीही मुळशीतल्या घरातले ताट, छप्पर, कुलदैवत आणि बैलांचा सण इंदापुरातल्या घरापेक्षा निराळा असतो. हा बदल कोणत्या गावी होतो, असे विचारले तर एक उत्तर मिळत नाही, कारण प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी थांबते. भात एका गावाशी संपतो, उतरते छप्पर त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे, मेंढी आणखी कुठे तरी सुरू होते. मावळ आणि देश यांच्यामध्ये रेषा काढता येत नाही. तिथे एक रुंद पट्टा आहे.

इंग्रजी अमलात १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने हे ओळखले होते. जिल्ह्याचे पश्चिम, मध्य आणि पूर्व असे तीन पट्टे त्यात मांडले आहेत. पश्चिम पट्ट्याविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले, कारण तिथे किल्ले आहेत आणि स्वराज्याची सुरुवात आहे. पूर्व पट्ट्याविषयीही लिहिले गेले, कारण तिथे कालवे, ऊस आणि साखर कारखाने आहेत. मधला पट्टा मात्र क्वचितच कोणाचा विषय झाला. खरे तर मावळ आणि देश एकमेकांशी कसे व्यवहार करतात ते कळते ते तिथेच.

## खाचर आणि काळे रान

पौडच्या पुढे मुळशीच्या बाजूला वैशाखात उतारांवर धूर दिसतो. तो राब भाजल्याचा. शेण, पालापाचोळा, वाळले गवत यांचे थर जमिनीच्या एका तुकड्यावर पसरतात, वर माती टाकतात आणि पेटवून देतात. तणाचे बी जळते, राखेने जमीन सुटी होते आणि पहिल्या पावसात तिथे भाताचे रोप तरारते. तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून मुठी बांधतात. तोवर खाचरात पाणी साचलेले असते. त्यात औत घालून चिखलणी होते आणि ओणव्याने लावणी. जिल्ह्याच्या उत्तरेकडे, जुन्नर-खेडच्या डोंगरांत, तिला आवणी म्हणतात.

लावणी थांबत नाही. रोप ठरावीक दिवसांत खाचरात गेले नाही तर पीक मार खाते, आणि एका घरची माणसे त्या दिवसांना पुरत नाहीत. म्हणून इर्जिक: आज एकाच्या खाचरात सगळे, उद्या दुसऱ्याच्या, ज्याचे काम त्याच्याकडे जेवण. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला महादेव कोळी गावांमध्ये पडकई आहे. उन्हाळ्यात गाव मिळून उतारावर बांध घालतो, नवी खाचरे पाडतो. मावळातली शेती एकट्याने होत नाही. तिथल्या माणसाचा शेजाऱ्याशी असलेला लागाबांधा, भांडणासकट, या चिखलात तयार झालेला आहे.

खाचराच्या वर, जिथे पाणी ठरत नाही, तिथे नाचणी आणि वरई. भात काढल्यावर उरल्या ओलीवर वाल, हरभरा, मसूर. लावणीच्या दिवसांत डोक्यावर बांबू आणि पानांचे इरले असे. आता प्लॅस्टिकचा कागद असतो, पण पाठ वाकवून काम करताना दोन्ही हात मोकळे ठेवण्याची गरज तीच आहे.

यवत, चौफुल्याच्या पुढे जमीन काळी आणि खोल होते. तिथे पावसाळ्यात बाजरी आणि परतीच्या पावसाच्या ओलीवर ज्वारी, म्हणजे शाळू. मावळातला शेतकरी पाण्याला बांध घालून वाट देतो. देशावरचा पावसाची वाट पाहतो आणि पडलेला थेंब जमिनीत मुरवतो. शेते मोठी, बांध लांब, पेरणी दोन-चार दिवसांत उरकणारी. कालव्याच्या पाण्याखाली ऊस आला तेव्हा बारमाही कामही आले, आणि ते करायला ऊसतोड कामगार बाहेरच्या जिल्ह्यांतून आले. शेजाऱ्याची गरज इथेही असते, पण ती विहिरीच्या पाळीत आणि पाटाच्या पाण्यात दिसते.

दोन्ही शेते एकमेकांत मिसळताना पाहायची तर जुन्नर तालुका आडवा चालून जावा. नाणेघाटाकडे भात, नाचणी आणि हिरड्याची झाडे. मध्ये नारायणगावच्या आसपास द्राक्षे, टोमॅटो, भाजीपाला. पूर्वेला बेल्ह्याकडे बाजरीचे माळ आणि नावाजलेला बैलबाजार. एका तालुक्यात तिन्ही पट्टे. पुरंदर आणि हवेलीतही ओढ्याकाठी भाताची खाचरे आणि वरच्या माळाला बाजरी असे दृश्य दिसते. एकाच घरच्या दोन शेतांमधून मावळ आणि देशाची हद्द गेलेली असते.

ताट शेताच्या मागोमाग जाते. पश्चिमेला भात, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे. पूर्वेला बाजरीची नाही तर ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा आणि थंडीत हुरडा. तिथे भात सणाला किंवा पाहुण्याला होई. रोज शिजू लागला तो अलीकडे. मुळशीच्या आंबेमोहराला आज भौगोलिक मानांकन आहे. पण पुण्याच्या घरोघरी पोचला तो इंद्रायणी: आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर करून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला वाण. आंबेमोहराचा थोडा वास आणि एकरी चांगला उतारा असा मेळ त्यात बसला. मावळची चव शहरापर्यंत नेण्याचे काम या वाणाने जितके केले तितके दुसऱ्या कशाने केलेले नाही.

## छपराचा उतार, गावाची ठेवण

घराचे छप्पर पाहून पावसाचा अंदाज बांधता येतो. मावळात छप्पर उभे उतरते असते, पूर्वी गवताचे, पुढे कौलांचे, आणि भिंतीबाहेर हातभर पुढे आलेले, नाही तर पागोळ्यांनी भिंत धुऊन जाते. भिंती पुष्कळदा कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून शेणमातीने लिंपलेल्या. कारवी सह्याद्रीच्या उतारावर आपोआप येते, त्यामुळे भिंतीचे सामान दाराशीच मिळते. गुरे बहुधा त्याच छपराखाली, कारण चार महिने ती बाहेर बांधता येत नाहीत.

देशावरचे जुने घर धाब्याचे. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, वर सपाट. पाऊस कमी म्हणून ते टिकते, आणि ऊन जास्त म्हणून ते हवेसे वाटते, कारण मातीचा थर आत गारवा ठेवतो. धाब्यावर धान्य वाळते, उन्हाळ्यात माणसे झोपतात. मावळात असे घर पहिल्याच आषाढात अंगावर येईल. सिमेंटच्या स्लॅबने आता दोन्हीकडे सपाट छप्पर आणले आहे. तरी मुळशी-भोरमध्ये त्या स्लॅबवरही पत्र्याची उतरती शेड उभी राहते आणि दौंड-इंदापुरात राहत नाही. जुना भेद नव्या सामानातून पुन्हा डोके वर काढतो.

गावाची ठेवणही बदलते. देशावर गाव एकवट असते: पांढरीवर, म्हणजे वस्तीच्या जागेवर, दाटीने घरे, जुन्या गावांना वेस आणि गावकूस, भोवती काळी, म्हणजे शेतजमीन. मावळात गाव सुटे असते, वाड्या-वस्त्यांमध्ये विखुरलेले. जिथे चार खाचरे बसतील एवढी सपाटी, तिथे चार घरे. म्हणून मावळात ओळख गावापेक्षा खोऱ्याची. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे, कानद खोरे, गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिड खोरे यांतली बरीच नावे नद्यांवरून पडलेली आहेत. दोन्ही बाजूंना डोंगराच्या सोंडा, मधून एक नदी पूर्वेकडे वाहणारी, आणि त्या खोऱ्यावर एका देशमुख घराण्याचे वतन: मोसे खोऱ्यात पासलकर, मुठे खोऱ्यात मारणे, गुंजण मावळात शिळीमकर, हिरडस मावळात बांदल, कारीला जेधे. शिवाजी महाराजांना सुरुवातीला एकेक खोरे, एकेक देशमुख जोडावा लागला तो या भूगोलामुळे. सोंड ओलांडली की वतन बदलत असे. खोरी पूर्वेला रुंद होत जातात, सोंडा उतरत जातात, आणि ज्या ठिकाणी दोन खोरी एकमेकांत मिसळून सपाटी होते तिथे खोऱ्याचे नाव घेणे लोक थांबवतात. मावळ कुठे संपतो याची इतकी सोपी खूण दुसरी नाही.

## म्हैस, मेंढी आणि देव

मेंढीला सततचा पाऊस सोसत नाही. तिचे खूर कुजतात, लोकर भिजून आजार होतात. म्हणून धनगर समाजाचेही दोन मुलूख आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर गवळी धनगर. त्यांच्याकडे म्हशी, दूध आणि तूप. पूर्वेच्या कोरड्या माळावर मेंढपाळ धनगर. त्यांच्याकडे मेंढ्या, लोकर आणि घोंगडी. कैलास मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी या समाजांचा पश्चिम महाराष्ट्रात बारकाईने अभ्यास केला. जनावराच्या प्रकृतीने माणसांच्या वस्तीची हद्द ठरवली, हे त्यातून स्पष्ट होते.

पण मेंढपाळ स्वस्थ बसत नाही. दिवाळी झाली, पूर्वेचे गवत वाळले की कळप पश्चिमेला निघतात, मधला पट्टा ओलांडून घाट उतरून कोकणापर्यंत जातात. तोवर भाताची कापणी झालेली असते. खाचराचा मालक रात्रीसाठी कळप आपल्या शेतात बसवून घेतो. मेंढ्यांचे लेंडीखत शेताला मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. पावसाळा जवळ आला की कळप परत पूर्वेला. वर्षातून दोनदा देश मावळातून चालत जातो, आणि दोघांनाही एकमेकांची गरज असते.

या मेंढीच्या वाटेवर देव बसलेले आहेत. हवेली तालुक्याच्या पूर्व भागात वाडे बोल्हाई येथे बोल्हाईचे देऊळ आहे. तिला मानणाऱ्या घरांत बोकडाचे मटण चालत नाही, मेंढीचेच लागते. पुण्यातल्या खाटकांच्या दुकानांवर ‘बोल्हाईचे मटण मिळेल’ अशी पाटी दिसते ती यामुळे. पश्चिमेच्या पावसात मेंढी नाही, म्हणून तिथल्या घरात हा नियम रुजणे अवघड; पूर्वेच्या माळावर मेंढी घरची, म्हणून नियम सहज पाळला गेला. शहरातल्या ज्या गल्लीत ही पाटी आहे, त्या गल्लीत पूर्वेकडची घरे वस्तीला आली असली पाहिजेत, असा तर्क करायला हरकत नाही.

पश्चिमेच्या देवी निराळ्या. वाघजाई घाटमाथ्यावर भेटते. वरंधा घाटातले तिचे ठाणे प्रवाशांना परिचित आहे. तिच्या नावातच वाघ आहे, कारण जंगल दाराशी होते. देवाच्या नावाने राखलेले रान, म्हणजे देवराई, हेही मावळाचेच. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात अशा देवरायांच्या नोंदी केल्या तेव्हा त्यातल्या कित्येक घाटमाथ्याच्या गावांत सापडल्या. सपाटीवर झाड मुळातच कमी, आणि देवाला रान देण्यापेक्षा दगडी देऊळ, दीपमाळ आणि यात्रेचे मैदान देण्याची रीत जास्त. कार्ल्याच्या लेण्याशेजारची एकवीरा तर मावळात असूनही तिचा मोठा भक्तवर्ग ठाणे-रायगडच्या किनाऱ्यावरचा कोळी-आगरी समाज आहे. चैत्रात तिथे घाट चढून आलेल्या पालख्या पाहिल्या की मावळ पूर्वेला देशाशी आणि पश्चिमेला कोकणाशी, असा दोन्हीकडे बांधलेला आहे हे दिसते.

मधल्या पट्ट्याचे दैवत पाहायचे तर वाकड आणि हिंजवडी. चैत्री पौर्णिमेला तिथे म्हातोबाची यात्रा भरते. हिंजवडीहून वाकडकडे बगाड, म्हणजे उंच आडव्या लाकडाचा गाडा, निघते आणि गळकरी, म्हणजे गळ लावून घेणारा मानकरी, त्यावर चढतो. शेजारी माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, पण बगाड थांबलेले नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहत आणि आसपासचे डोंगर पायी फिरत. १९६२ साली आलेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या इंग्रजी पुस्तकात या परिसरातल्या म्हातोबाची आणि देवींच्या ठाण्यांची चर्चा आहे. देवीची कित्येक ठाणी जुन्या वाटांच्या फाट्यांवर आहेत, तिथे अश्मयुगीन बारीक हत्यारेही सापडतात, म्हणून या वाटा गुराख्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पायांनी फार पूर्वीच मळलेल्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. दोन मुलखांची माणसे जिथे एकमेकांना भेटत तिथे देव बसला, हा विचार मधल्या पट्ट्याला अगदी लागू पडतो.

जेजुरीचा खंडोबा दोन्ही मुलखांना आपल्या संसारातच सामावून घेतो. म्हाळसा वाण्याची लेक, वस्तीतली. बाणाई धनगराची, रानातली. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने पुण्याच्या परिसरात वर्षानुवर्षे धनगरांबरोबर हिंडून या कथेचा अर्थ लावला. रान आणि वस्ती हे दोन मुलूख खंडोबाच्या दोन बायकांमधून एकत्र नांदतात, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हा नदीवर जाते तेव्हा भंडारा उधळणाऱ्यांत शेतकरी, धनगर आणि किनाऱ्यावरचे कोळीही असतात. जेजुरी पावसाच्या हिशेबाने देशात आहे, पण तिच्या पायऱ्यांवर देश आणि मावळ वेगळे काढता येत नाहीत.

## बैलांचा सण कोणत्या दिवशी

पुणे जिल्ह्यात बैलांचा सण एकाच दिवशी होत नाही. बारामती-इंदापूरकडच्या कित्येक गावांत आषाढात बेंदूर. काही गावांत श्रावणी अमावास्येला पोळा. मावळ, मुळशी, खेड आणि हवेलीच्या पुष्कळ गावांत भाद्रपदी अमावास्येला पोळा. कारण शेतात आहे. आषाढ-श्रावणात भाताच्या बैलांना चिखलणीतून उसंत नसते. भाद्रपदात खाचरे लावून झालेली असतात, बैल मोकळे असतात. बाजरीच्या मुलखात पेरणी आधीच आटोपते, म्हणून सण आधी येतो. ज्या गावी बेंदराऐवजी भाद्रपदी पोळा भरू लागतो, त्या गावी भाताचे वेळापत्रक पोचलेले असते, मग तिथे आज भात होत असो वा नसो. पीक बदलले तरी सणाची तिथी मागे राहते. मधल्या पट्ट्याची हद्द शोधणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा.

शर्यतींचेही तसेच. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ या भागांत बैलगाडा शर्यत घाटात होते: चढाच्या धावपट्टीवर बैल गाडा ओढत सुटतात, पुढे घोडीवर स्वार, गाड्यावर हाकणारा नाही, आणि बारी, म्हणजे एक धाव, किती सेकंदांत झाली यावर निकाल. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानात छकडा पळतो आणि त्यावर हाकणारा असतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा या गावांच्या यात्रांचा कणाच मोडल्यासारखा झाला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. परवानगी मिळाल्यापासून चैत्र-वैशाखात घाट पुन्हा भरू लागले आहेत. त्याच हंगामात नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला तिथे येतात. डोंगरातल्या गावाची यात्राही तिथूनच फड ठरवते. मावळाने देशाकडून घेतलेल्या गोष्टींपैकी ही एक मोठी गोष्ट.

## दूरच्या लुइझियानात

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात असाच एक पट्टा आहे. कॅनडातल्या आजच्या नोव्हा स्कॉशिया भागातून इंग्रजांनी १७५५पासून हुसकून लावलेले फ्रेंचभाषक शेतकरी दक्षिण लुइझियानाच्या दलदलीत आणि गवताळ मैदानात येऊन राहिले. त्यांना केजन म्हणतात. ते कॅथलिक, भात खाणारे, गंबो नावाच्या दाट कालवणाचे आणि क्रॉफिश या झिंग्यासारख्या जलचराचे शौकीन, शनिवारी नाचगाण्याला जमणारे. उत्तरेकडे इंग्रजी बोलणारे बाप्टिस्ट शेतकरी, कापूस आणि पाइनची जंगले, ताटात मक्याची भाकरी. १९७१ साली राज्याच्या विधिमंडळाने २२ पॅरिशांचा, म्हणजे तिथल्या तालुका-जिल्ह्यांचा, प्रदेश ‘अकेडियाना’ म्हणून जाहीर केला. नकाशावर रेघ आली. पण एव्हान्जलिन आणि अव्हॉयेल्स या उत्तरेकडच्या पॅरिशांत ती रेघ घराघरांतून जाते: आडनाव फ्रेंच, प्रार्थना बाप्टिस्ट, स्वयंपाकघरात गंबो आणि मक्याची भाकरी दोन्ही.

तिथे निदान एक सरकारी नाव मिळाले. त्या नावाने केजन भाषा, संगीत आणि पाककलेला शाळा, महोत्सव आणि पर्यटनाचा आधार मिळाला. मावळाला तालुक्याचे आणि लोकसभा मतदारसंघाचे नाव मिळाले, पण मधल्या पट्ट्याला तिथेही नाव नाही आणि इथेही नाही.

## उंबऱ्यावरचे शहर

मावळ आणि देश यांच्यामधला उंबरा म्हणजे पुणे. मुठेच्या काठची ही वस्ती फार जुनी. राष्ट्रकूटांच्या ७५८ आणि ७६८ सालच्या ताम्रपटांत या प्रदेशाचा उल्लेख येतो. डोंगरातून उतरणाऱ्या वाटा आणि पठारावरून येणाऱ्या वाटा इथे मिळतात. पश्चिमेचा तांदूळ, लाकूड, कोळसा, हिरडा आणि पूर्वेची ज्वारी, गूळ, घोंगडी यांची अदलाबदल कुठे तरी व्हायचीच होती. भवानी पेठेच्या भुसार बाजारात ती झाली, पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. पेशवाईत कोकणातून आलेल्या घराण्यांनी शहराच्या एका भागाचे रोजचे जेवण वरण-भाताचे केले; पूर्व पेठांमधल्या कष्टकरी घरांत भाकरीच राहिली. आजही स्वारगेटच्या एसटी स्थानकात भोर-वेल्ह्याची गाडी आणि बारामती-इंदापूरची गाडी शेजारी लागते, आणि प्रवाशांच्या पिशव्यांमधल्या मालावरून कोणती कुठली ते ओळखता येते.

आषाढातल्या वारीत हा उंबरा ओलांडला जातो. देहू आणि आळंदी दोन्ही इंद्रायणीकाठी, मावळाच्या तोंडाशी. पालख्या पुण्यात येऊन मुक्काम करतात: ज्ञानोबांची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात. मग पहिली दिवे घाट चढून सासवड-जेजुरीकडे, दुसरी लोणी काळभोर-यवतमार्गे बारामतीकडे. हे दिवस लावणीचेही आहेत. कोरडवाहू शेतकरी पेरणी उरकून निघू शकतो. मावळातल्या घराला माणसे वाटून घ्यावी लागतात, काही खाचरात, काही वारीत. कार्तिकीला आळंदीत मात्र घाटमाथा आणि कोकण मोठ्या संख्येने उतरतो, कारण तोवर भाताचे मोठे काम मागे पडलेले असते. एका संप्रदायाच्या दोन वाऱ्यांमध्ये दोन मुलखांची शेती अशी वाचता येते.

पाण्याचाही व्यवहार इथूनच चालतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठते. ते शहर पिते, आणि उरलेले मुठेच्या उजव्या कालव्याने हडपसरवरून दौंड-इंदापूरकडे जाते. पूर्वेचा ऊस मावळाच्या पावसावर उभा आहे. धरणात बुडालेल्या खोऱ्यांतली माणसे लाभक्षेत्रात वसवण्याचे धोरण असल्याने कित्येक मावळी कुटुंबे दौंडसारख्या पूर्वेकडच्या तालुक्यांत गेली. भात लावणारे हात ज्वारीच्या रानात आले, कुलदैवताची यात्रा मात्र धरणाकाठच्या मूळ गावी राहिली. अशा वस्त्यांमध्ये मावळ आज देशाच्या मधोमध सापडतो, आणि तिकडे कोणी पाहायला जात नाही.

## पश्चिमेची जमीन

मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो आंबेमोहराच्या खाचरांसाठी. खाचरे बुडाली. त्या धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात जाते. तेव्हा मावळची जमीन पाण्यासाठी गेली, गेल्या तीन दशकांत ती घरांसाठी गेली. हिंजवडी, बावधन, सूस, म्हाळुंगे, पिरंगुट ही भाताची गावे होती. मोसे खोऱ्यात लवासा उभे राहिले. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. त्यांत पश्चिमेची खाचरे आणि पूर्वेचे माळ दोन्ही आहेत. पश्चिमेची जमीन लवकर विकली गेली, कारण तुकडे लहान होते, भाताचे उत्पन्न घरापुरते होते आणि डोंगराचे दृश्य विकणाऱ्याला भाव देणारे होते. पूर्वेला उसाने आणि कालव्याने शेतकऱ्याला काही काळ धरून ठेवले.

याचा परिणाम असा की मावळाचे टोक आणि देशाचे टोक दोन्ही अजून ओळखीचे आहेत, पण शहराने पुण्याजवळचा मधला पट्टा जवळजवळ गिळला आहे. जिथे भात आणि बाजरी एका बांधावर भेटत, जिथे पोळ्याची तिथी बदले, जिथे खोऱ्याचे नाव घेणे थांबे, ती गावे आता पुण्याची उपनगरे आहेत. गॅझेटियरची सुधारित आवृत्ती १९५४ साली निघाली तेव्हाही यांतली बहुतेक गावे शेतीची होती. त्या गावांत आज साठी-सत्तरीतली जी माणसे आहेत त्यांनी राब भाजले आहेत, इर्जिकीत जेवण केले आहे, कळप खाचरात बसवून घेतले आहेत. पौड, वडगाव, भोर, राजगुरुनगर, सासवड, शिरूर इथे महाविद्यालये आहेत. त्यांनी आपापल्या भागातल्या गावांची साधी यादी करावी: घर कोणत्या छपराचे होते, रोजची भाकरी कशाची, कुलदैवत कोणते, बैलांचा सण कोणत्या तिथीला, आणि गाव स्वतःला कोणत्या खोऱ्याचे म्हणवत होते. हे काम विद्यार्थी एका हिवाळ्यात करू शकतात, आणि ते येत्या दहा वर्षांत व्हायला हवे.